गाडी घेऊन डोंगरात मुक्काम करायचाय? मग ती उभी कुठे करायची, नियम काय सांगतात?

थार, जिम्नीसारख्या गाड्या वाढल्या, गाडीच्या टपावर लावायचे तंबू बाजारात आले आणि शनिवार-रविवारी कच्च्या वाटेने जाऊन मुक्काम करणाऱ्यांची संख्याही वाढली. बदलापूरच्या बेलवलीहून उल्हास नदी ओलांडली की बारवी धरणाकडे जाता येतं, रेल्वेमार्गाच्या पूर्वेला कोंडेश्वरचा धबधबा आहे. वाटेत मोकळी जागा दिसते, ‘नो पार्किंग’चा बोर्ड कुठेच नसतो. मग गाडी लावली तर बिघडलं कुठे?

बिघडतं, कारण बोर्ड नसला तरी त्या जागेला मालक असतो आणि नियम त्या मालकावर ठरतो.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत राष्ट्रीय वनांसाठी २००५ साली नियम झाला. त्यानुसार कोणत्या रस्त्यावर आणि वाटेवर कोणती गाडी चालेल, याचे नकाशे वनखातं छापतं. सर्वसाधारणपणे रस्त्याच्या कडेपासून गाडीच्या एका लांबीइतक्या अंतरातच गाडी उभी करता येते. मुक्कामासाठी त्याहून आत जायचं असेल, तर नकाशात तशी सूट दिलेली असावी लागते.

महाराष्ट्रात अशा वाटांचे सरकारी नकाशे नाहीत. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण त्याचा भर कॅराव्हॅन आणि त्यांच्यासाठीच्या पार्कवर आहे. त्यामुळे रानवाटेवर जमिनीचे आणि वाहतुकीचे नेहमीचेच कायदे लागू होतात.

जागा कोणाची, हे आधी बघा

*राखीव वन :* भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवानगी शिरणं आणि आग पेटवणं हा गुन्हा आहे. गाडी आत घालून शेकोटी केली, तर या दोन्ही गोष्टी एकदमच होतात.

*अभयारण्य :* वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार इथे प्रवेशासाठीच परवाना लागतो. दिवसा फिरायची परवानगी मिळाली म्हणजे रात्री राहायचीही मिळाली, असं नाही.

*धरणाचा परिसर :* बारवी धरण एमआयडीसीचं आहे आणि त्याचं पाणी आजूबाजूची शहरं पितात. जलाशयाच्या काठाला गाडी लावणं, धुणं किंवा तिथे तंबू ठोकणं हे त्यांच्या परवानगीशिवाय करू नये.

*खासगी शेत, गुरचरण, गावठाण :* पीक निघाल्यावर शेत माळरानासारखं दिसतं, पण ते कोणाचं तरी असतं. अशा जागेत बेकायदा शिरून हटायला नकार दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली अतिक्रमणाची तक्रार होऊ शकते. गट क्रमांक माहीत असेल तर महाभूलेखवर सातबारा बघता येतो. नाहीतर सरपंच किंवा पोलीस पाटलांना विचारावं.

कच्च्या वाटेला वाहतुकीचे नियम लागतात का?

लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट. ती डांबरी असलीच पाहिजे, असं नाही. त्यातली ही कलमं लक्षात ठेवावीत :

- कलम १२२ : धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी सोडून जाता येत नाही.
- कलम १२६ : चालक सीटवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. उतारावर चाकाला दगडही लावावा, आणि निघताना तो बाजूला काढून ठेवावा.
- कलम १२७ : सार्वजनिक जागेत १० तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. रहदारीला धोका असेल तर लगेच. खर्च मालकाचा.

मुक्कामाला जाणाऱ्यांनी शेवटचं कलम नीट वाचावं. संध्याकाळी ६ ला पायथ्याशी गाडी लावून वर गेलेला माणूस सकाळी ८ ला उतरला, तर १४ तास होतात. म्हणून गावातल्या एखाद्या अंगणात, घरमालकाला विचारून आणि ठरलेले पैसे देऊन गाडी लावणं सोयीचं पडतं.

वळण, पूल, चढाचा माथा आणि अरुंद वाटेचं तोंड इथे गाडी लावू नये. वाडी-पाड्याकडे जाणारी वाट अनेकदा एकच असते. ती अडली की रात्री आजारी माणसाला घेऊन निघालेली जीपही अडते.

पावसाळ्यात वेगळं काय?

धबधबे आणि धरणांवर बुडून मृत्यू होतात, म्हणून प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढतं. पूर्वी ते कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेशात किती अंतरापर्यंत गाडीला बंदी आहे, ते निघण्यापूर्वी वाचावं.

नदीपात्रात किंवा ओढ्यालगत तर गाडी लावूच नये. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. जिथे रेल्वेगाडीभोवती पाणी चढतं, तिथे काठावरच्या जीपचा निभाव लागणार नाही.

निघण्यापूर्वी एवढं करा

जागेच्या मालकाची परवानगी घ्या, शक्यतो लेखी. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा, म्हणजे रात्री निघावं लागलं तर अडचण येत नाही. दुसरी गाडी जाईल एवढी वाट मोकळी सोडा. वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने ते पेटू शकतं. काचेवर मोबाईल नंबर ठेवा. वणवा दिसला तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६, इतर संकटात ११२.