साथ, सामने आणि वय

पनवेलहून मुंबईकडे जाणाऱ्या हार्बर मार्गाच्या गाडीत बसले की सहावे स्थानक नेरूळचे. तेथील डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात २३ जानेवारी २०२२ रोजी भारत आणि चिनी तैपेई यांच्या महिला फुटबॉल संघांचा सामना ठरला होता. स्पर्धा होती आशियाई चषकाची. मैदान तयार होते, पंच तयार होते, पण सामना झाला नाही. भारतीय संघातील अनेक खेळाडूंना कोविडची बाधा झाल्याचे चाचणीत आढळले होते. स्पर्धेच्या नियमानुसार किमान १३ खेळाडू उपलब्ध असणे आवश्यक होते. तेवढ्या मुली उरल्या नाहीत. भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले. तीन दिवसांपूर्वी इराणशी शून्य-शून्य बरोबरीत सुटलेला सामनाही निकालपत्रातून काढून टाकला गेला.

यजमान देशाचा संघ आपल्याच अंगणातल्या स्पर्धेतून न हरता बाहेर पडला. साथीच्या रोगाचे आकडे आपण रुग्ण आणि मृत्यू यांत मोजतो, आणि ते योग्यच आहे. पण साथ समाजाची वेळापत्रकेही मोडते. ती कशी मोडते, त्यासाठी कोण पैसे मोजतो आणि कोणते नुकसान कधीच भरून येत नाही, हे पाहण्यासाठी खेळाचे मैदान ही एक चांगली प्रयोगशाळा आहे.

शंभर वर्षांपूर्वी

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरावर नेमलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. इन्फ्लुएन्झाची साथ शहरात आल्याची ती पहिली नोंद समजली जाते. ही लाट ओसरली असे वाटत असतानाच सप्टेंबरात दुसरी, अधिक घातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू झाले. एप्रिल २०२० च्या सुरुवातीस पनवेल महापालिकेच्या हद्दीत आढळलेल्या पहिल्या रुग्णांमध्ये औद्योगिक सुरक्षा दलाचे ११ जवान होते, आणि त्यांची नेमणूक होती मुंबई विमानतळावर. शंभर वर्षांत बंदराची जागा विमानतळाने घेतली, पण साथ अजूनही वेशीवर पहारा देणाऱ्यांनाच आधी गाठते.

१९१८ च्या त्याच शरद ऋतूत अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायचा होता. हा फुटबॉल आपला नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ. एकीकडे महायुद्ध, दुसरीकडे साथ. ऑक्टोबरातले कितीतरी सामने रद्द झाले. मिसूरी विद्यापीठाने त्या वर्षी एकही सामना खेळला नाही. मिशिगन विद्यापीठाने पाचच सामने खेळले, सगळे जिंकले, आणि त्या वर्षीच्या विजेत्यांत त्याची गणना होते. तोंडाला पट्टी बांधून बसलेल्या प्रेक्षकांचे त्या काळातील एक छायाचित्र पुढे २०२० साली जगभर पुन्हा छापले गेले.

आइस हॉकीत त्याहून वाईट घडले. १९१९ सालची स्टॅन्ली चषकाची अंतिम मालिका खेळाडू आजारी पडल्याने अर्ध्यावर थांबवावी लागली आणि मॉन्ट्रियल संघाचा जो हॉल हा खेळाडू दगावला. त्या वर्षी चषक कोणालाच मिळाला नाही.

वेळापत्रक एवढे नाजूक का?

सोपे गणित करून पाहू. एखाद्या दिवशी कोणत्याही खेळाडूला बाधा असण्याची शक्यता शंभरात एक आहे असे धरू. ऐकायला ही शक्यता क्षुल्लक वाटते. पण २२ खेळाडूंचा अख्खा संघ निरोगी असण्याची शक्यता ०.९९ चा २२ वा घात, म्हणजे सुमारे ०.८० येते. याचा अर्थ दर पाच संघांपैकी एका संघात निदान एक तरी रुग्ण सापडणार. सामन्याला संघ लागतात दोन. दोन्ही निरोगी असण्याची शक्यता सुमारे ०.६४. दहा संघांच्या स्पर्धेत सर्वच्या सर्व संघ निरोगी असण्याची शक्यता उरते अवघी ०.११.

या हिशेबात एक उणीव आहे. एका खेळाडूची बाधा दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असे आपण मानले. प्रत्यक्षात संघ एकाच बसने जातो, एकाच पंगतीत जेवतो, एकाच खोलीत कपडे बदलतो. म्हणून रुग्ण सुटे सुटे न सापडता पुंजक्याने सापडतात. पुष्कळ संघ पूर्ण निरोगी राहतात आणि एखादा संघ एकदम आडवा होतो. नेरूळला नेमके तेच झाले.

एक संघ गळाला की उरलेल्यांचेही गणित बिघडते. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे असेल तर चार संघांच्या गटात सहा सामने होतात. एक संघ कमी झाला की उरतात तीन, म्हणजे संघ पावभर कमी झाले तर सामने निम्मे होतात. आशियाई चषकात तीन गट होते आणि गटागटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची आपसात तुलना व्हायची होती. भारताच्या गटातला तिसरा संघ दोनच सामने खेळलेला, इतर गटांतले तीन. मग बरोबरी साधण्यासाठी इतर गटांतल्या चौथ्या संघांविरुद्धचे निकाल तुलनेतून वगळावे लागले.

याला उपाय दोन. एक म्हणजे कोंडाळे करणे: खेळाडूंना बाहेरच्या जगापासून तोडून एका ठिकाणी ठेवणे. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा हंगाम असाच झाला. अकरा संघांचे ११० साखळी सामने आणि पुढचे बाद फेरीचे, सगळे गोव्यात. मडगाव, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना. १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटी हा संघ विजेता ठरला, पण त्या हंगामात मुंबईत तो एकही सामना खेळला नव्हता.

दुसरा उपाय वेळापत्रकात मोकळी जागा ठेवण्याचा. अमेरिकेतील ‘बिग टेन’ या विद्यापीठ-गटाने ११ ऑगस्ट २०२० रोजी हंगाम पुढे ढकलला, १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस खेळ सुरू केला. उशिरा सुरुवात केल्याने मोकळे आठवडे उरले नाहीत. त्यात बाधित खेळाडूला २१ दिवस बाहेर बसवण्याचा नियम. आठवड्याला एक सामना, म्हणजे तीन सामने गेले. गटाच्या अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने खेळलेले असावेत ही अट होती. ओहायो स्टेटचा संघ पाचच खेळू शकला, तेव्हा डिसेंबरात अटच काढून टाकण्यात आली.

पैशाची बाजू

अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल आणि बास्केटबॉल हे कमावते खेळ. तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क आणि देणग्या यांतून येणाऱ्या पैशावर पोहणे, कुस्ती, तलवारबाजी असे बिनकमाईचे खेळ चालतात. मार्च २०२० मध्ये राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा रद्द झाली आणि विद्यापीठांना वाटण्यासाठी ठरलेले ६० कोटी डॉलर साडेबावीस कोटींवर आले. जुलैत स्टॅन्फर्ड विद्यापीठाने ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले. ते कोणते, हे सांगायला नको; बिनकमाईचेच. विरोध झाल्यावर मे २०२१ मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे. आपल्या महाविद्यालयांचा जिमखाना तिकिटांवर चालत नाही. तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातल्या एका छोट्या रकमेवर चालतो. २०२१ साली राज्य शासनाने न वापरलेल्या सुविधांच्या शुल्कात सवलत देण्याचे ठरवले, त्यात जिमखाना आलाच. पालकांची मिळकत बुडालेली असताना हे न्याय्यच होते. पण ज्या जिमखान्यात आधीच चेंडू मोजून वापरतात, तेथे अशी कपात झाली की पहिली कात्री प्रवासखर्च आणि साहित्य यांवर चालते. कमाई नसलेल्या खेळाला वाली नसतो, हा धडा दोन्ही देशांत सारखाच आहे.

व्यावसायिक खेळात निदान भरपाईचा विचार तरी होतो. १९३४-३५ मध्ये सुरू झालेली रणजी स्पर्धा २०२०-२१ मध्ये पहिल्यांदाच झाली नाही. खेळाडूंना तेव्हा दिवसाला ३५,००० रुपये मानधन मिळत असे. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रिकेट मंडळाने आधीच्या हंगामात खेळलेल्यांना सामनाशुल्काच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून जाहीर केली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळणाऱ्या मुलाला मानधनच नसते. मग भरपाई कशाची देणार?

जे परत येत नाही

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. सामना पुढे ढकलता येतो, पैसाही पुढेमागे उभा करता येतो. वय मात्र ढकलता येत नाही.

सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात व्हायचा होता आणि अंतिम सामना नवी मुंबईतच ठरला होता. एप्रिल २०२० मध्ये तो पुढे ढकलण्यात आला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रद्दच झाला. भारताला त्याऐवजी २०२२ ची स्पर्धा मिळाली. ती झाली आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळच्याच मैदानावर स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. यजमानपद दोन वर्षांनी का होईना परत आले, पण मुली त्या नव्हत्या. रद्द झालेली स्पर्धा २००३ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी होती. २०२२ ची २००५ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुलींना तो २०२० चा विश्वचषक परत मिळालाच नाही, ना भारतातल्या, ना जगातल्या.

शालेय पातळीवर हेच छोट्या मापात घडले. १९६० पासून चालत आलेली सुब्रतो चषकाची फुटबॉल स्पर्धा २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे झाली नाही. २०२० मध्ये दहावीत असलेला मुलगा २०२२ मध्ये बारावी होऊन बाहेर पडला होता.

अमेरिकेतील विद्यापीठ-संघटनेने यावर एक साधा तोडगा काढला. तेथे खेळाडूला तेव्हा चारच हंगाम खेळता येत. साथीचा हंगाम त्या मोजणीत धरायचा नाही असे २०२० मध्येच ठरले. त्यामुळे पुढे संघांत गर्दी झाली, शिष्यवृत्तीचा खर्च वाढला, नव्या मुलांना जागा कमी पडल्या. तरीही ज्याचे वर्ष गेले त्याला ते परत देण्याचा हा सरळ प्रयत्न होता. आपल्याकडे वयाची अट जन्मतारखेला बांधलेली असते. पुढच्या साथीसाठी आपण खाटा, प्राणवायू आणि लस यांची तयारी करू, ती हवीच. त्या यादीच्या शेवटी ‘वयोमर्यादेत एक वर्षाची सूट’ ही ओळ लिहून ठेवायला काहीच खर्च येत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

आठवी-नववीच्या मुलांना सहा संघांच्या साखळी स्पर्धेचे वेळापत्रक करायला सांगावे. सामने होतील १५, फेऱ्या ५. मग दर फेरीला प्रत्येक संघासाठी एक फासा टाकावा; एक पडला तर तो संघ त्या फेरीतून आणि पुढच्या फेरीतूनही बाद. किती सामने होतात, किती राहतात, याची नोंद ठेवावी. नंतर दोन फेऱ्यांमध्ये एकेक मोकळी फेरी ठेवून राहिलेले सामने तिच्यात खेळवावेत. फरक मुलांच्या आपोआप लक्षात येईल.

शेवटी एक प्रश्न विचारावा: ‘राहिलेले सामने कधी खेळवाल?’ बहुतेक मुले म्हणतील, पुढच्या वर्षी. मग त्यांना विचारावे की पुढच्या वर्षी संघात कोण कोण असेल.