सौम्यता (ख्रिस्ती मातृधर्मातील)

ख्रिस्ती नीतिविचारात आत्म्याच्या फळांमध्ये गणलेला सद्गुण. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने योजिलेल्या ‘प्राउतेस’ या ग्रीक शब्दाचा मराठी बायबलात ‘सौम्यता’ असा तर्जुमा आहे; आणि थेस्सलनीकाकरांस लिहिताना त्याच पौलाने स्वतःच्या वर्तनास लेकरे जपणाऱ्या दाईची उपमा द्यावी, हे लक्षणीय होय.

या गुणाचे ठळक उदाहरण उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथील संत मोनिका हिचे. पती पात्रीकियुस शीघ्रकोपी. त्याचा संताप चढला असता शब्दास शब्द न लावता, तो ओसरल्यावरच ती आपली कैफियत मांडीत असे, हे पुत्र ऑगस्टीन याने ‘कन्फेशन्स’च्या नवव्या खंडात नमूद केले आहे. ही सौम्यता दुर्बलता मात्र नव्हे: पुत्र मानी (मॅनिकियन) या ख्रिस्तीतर पंथाच्या नादी लागला तेव्हा याच मातेने त्यास पंक्तीस घेण्याचे नाकारले, आणि पुढे एका स्वप्नाने आश्वस्त होऊनच ती मनाई उठविली. पतीचा मार खाणाऱ्या शेजारणींना, विवाहाचा करारनामा हे दासीखतच समजावे, असा जो उपदेश ती करी, तो आजच्या वाचकास मानवणार नाही. तत्कालीन रोमन गृहव्यवस्थेचीच ती छाया होय.

387 च्या ईस्टरला मिलान येथे तेथील बिशप अँब्रोझच्या हस्ते ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी, आफ्रिकेस परतण्याच्या वाटेवर, ओस्तिया बंदरात मोनिका निवर्तली. तिचे अवशेष 1430 मध्ये रोमला हलविण्यात आले. रोमन कॅथलिक पंचांगात तिचा सण 27 ऑगस्टला, पुत्राच्या सणाच्या आदल्या दिवशी, येतो.