अडीचकीचा अस्त : शेर-मणाकडून किलोग्रॅमकडे

मण चोवीस रुपयांना, तर अडीच शेरांचे किती? १९५० च्या सुमारास उजळणी पक्की असलेल्या मुलाला या उदाहरणासाठी पाटी लागत नसे. उत्तर चोवीस आणे, म्हणजे दीड रुपया.

युक्ती साधी होती. मणाचे शेर चाळीस, रुपयाचे आणे सोळा. चाळिसाचा सोळावा हिस्सा अडीच. म्हणून मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे. शेराचे छटाकही सोळा, तेव्हा शेराला जितके रुपये, छटाकाला तितके आणे. नाणी आणि वजने अशी एकमेकांच्या बेताची होती. ब्रिटिश अमदानीतला तोळा म्हणजे रुपयाच्या नाण्याचे वजन, १८० ग्रेन. आणि असे ऐंशी तोळे म्हणजे प्रमाण शेर.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांची पाढेमालिका याच व्यवहारातून आली. (औट म्हणजे साडेतीन.) आज हे पाढे म्हणजे निव्वळ घोकंपट्टी वाटते, पण तो समज अन्यायाचा आहे. तराजूच्या दोन पारड्यांत कोणत्याही ढिगाचे दोन समान भाग करता येतात, त्या भागांचे पुन्हा दोन. अर्धा, पाव, अदपाव, छटाक ही सारी निम्म्याचे निम्मे करत आलेली मापे. दहा समान भाग मात्र तराजू आपणहून करून देत नाही. त्यासाठी तशी वजनेच घडवावी लागतात.

मग हे सारे मोडण्याचे कारण काय?

कारण हा मेळ प्रमाण शेरापुरताच होता, आणि प्रमाण शेर सर्वत्र नव्हता. प्रमाण मण ३,२०० तोळ्यांचा. देशात प्रत्यक्ष वापरात असलेले मण मात्र २८० तोळ्यांपासून ८,३२० तोळ्यांपर्यंतचे आढळत. धान्य तर पुष्कळदा वजनाने नव्हे, मापाने दिले जाई. चिपटे, मापटे, अधोली, पायली अशी ती मापे, आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असे नाही. स्वतःच्या गावात तोंडी हिशेबात कोणाला हार न जाणारा शेतकरी परक्या पेठेत व्यापाऱ्याच्या मापापुढे निरुपाय होई. पाढा बरोबर, पण माप कोणाचे, हा प्रश्न उजळणी सोडवू शकत नव्हती.

बदल आधी नाण्यांत झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे पैसे चौसष्ट होते. म्हणजे आणा सव्वासहा नव्या पैशांचा आणि जुना पैसा सुमारे १.५६ नव्या पैशांचा. कायद्याने नियम घातला : अर्धा किंवा त्याहून कमी भाग सोडावा, अर्ध्याहून अधिक असेल तर पूर्ण धरावा. एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५.

या नियमात गरिबाची एक अडचण दडलेली होती. एका जुन्या पैशाची वस्तू आता दोन नव्या पैशांची. चार वस्तू एकदम घेतल्या तर आणा, म्हणजे सहा नवे पैसे. त्याच चार वेळा एकेक घेतल्या तर आठ. ज्याच्या हाती एका वेळी एकच पैसा असे, त्याच्याच वाट्याला ही तूट येई.

मग वजने. १९५६ च्या कायद्याच्या आधाराने ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत मेट्रिक वजने आली आणि १९६२ पर्यंत बाजारात त्यांची सक्ती झाली. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्यामुळे पंधरा शेर म्हणजे जवळजवळ नेमके चौदा किलो. शेराला चौदा आणे पडणाऱ्या डाळीचा किलोचा रास्त भाव पंधरा आणे, म्हणजे ९४ नवे पैसे. दुकानदाराने पूर्ण रुपया सांगितला, तर तो ‘किलो मोठा असतो’ या सबबीखाली सहा पैसे जास्त मागत होता. हे ओळखण्यासाठी घरात कोणाला तरी त्रैराशिक येणे आवश्यक होते. ते बहुधा शाळकरी मुलालाच येत असावे.

शाळेत चाळीस, सोळा, बारा यांची कोष्टके जाऊन किलो, हेक्टो, डेका, मूळ एकक, डेसी, सेंटी, मिली ही सात पायऱ्यांची शिडी आली. पायरी उतरली की दशांशचिन्ह एक घर उजवीकडे, चढली की डावीकडे. गुणाकाराची जागा चिन्ह सरकवण्याने घेतली. त्यातील हेक्टो आणि डेका बाजारात कधी रुजलेच नाहीत. मुलांनी ते केवळ परीक्षेपुरते पाठ केले.

निम्म्याचे निम्मे करण्याची जुनी सवय मात्र नव्या मापांत शिरली. भाजीवाल्याकडे आजही ‘पाव किलो’ मागतात, ‘अडीचशे ग्रॅम’ क्वचितच. नाण्यावरचा ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ पासून गेला. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले. तोवर लोक त्याला ‘चार आणे’च म्हणत होते.