लिव्हरपूलच्या फरशीवरचा अटलांटिक

गेल्या गणपतीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार आहे. पाया पडला आणि तसाच ताठ उभा राहिला. 'बस रे, मी काही तुझा सुभेदार नव्हे,' असे म्हटल्यावर मग टेकला. चहा घेताना मी सहज विचारले, काश्मीरला धाडण्याआधी तुम्हांला शिकवतात तरी काय? तो हसून म्हणाला, "काय सांगू सर, वर जायच्या आधी तीनदा मेलो की मी!"

वाळूत गाव, ओढा, टेकडी सगळे उभे करतात. त्याला सँड मॉडेल म्हणतात. आपली तुकडी त्यावरून न्यायची. समोर दुसरा कोणी अनुभवी जवान शत्रू होऊन बसलेला असतो. पाऊल चुकले की शिकवणारा शांतपणे सांगतो, 'तू गेलास, बाजूला बस.' पहिल्या दिवशी हा बहाद्दर चहा व्हायच्या आतच 'गेला' होता.

बेळगावकरांना लष्कर काही नवे नाही. मराठा रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून आपल्या गावात आहे, आणि पहाटेच्या बिगुलावर घड्याळ लावणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. पण लढाईला जाणाऱ्या माणसाला खेळ खेळून तयार करावे, ही कल्पना आली कोठून? बुद्धिबळाच्या पटावर हत्ती, घोडे, प्यादी आपण कितीतरी शतकांपूर्वी मांडली. परंतु पटावर दोघांनाही सगळे दिसते, आणि लढाईत नेमके तेच होत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न प्रशियात झाला. फॉन राइसवित्झ नावाच्या एका सरदाराने १८१२ साली तेथील राजाला लढाईच्या खेळाचे एक टेबल करून दिले. पुढे त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ मध्ये खेळाचे नियमच छापले. चौकटींचा पट जाऊन त्या जागी खरा नकाशा आला. एक डाव म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे. नुकसान किती झाले ते फासे ठरवणार आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच बसणार. खेळाडूने पंचाला लेखी हुकूम द्यायचा आणि पंचाने त्याला फक्त तेवढेच सांगायचे, जेवढे त्या जागेवरून खरोखर दिसले असते. सेनापती म्यूफ्लिंग हा खेळ पाहायला काहीशा कंटाळ्यानेच बसला होता म्हणतात. उठला तो पलटणी-पलटणीत खेळ पाठवण्याची शिफारस करायला. त्या बिचाऱ्या लेफ्टनंटने मात्र १८२७ मध्ये आत्महत्या केली. ज्यांच्या हाती त्याने हा खेळ दिला, ते पुढे युरोपभर नावाजले.

मला अधिक जवळची वाटते ती लिव्हरपूलची गोष्ट, कारण ती एका सक्तीने घरी बसवलेल्या मास्तराची आहे.

गिल्बर्ट रॉबर्ट्स हा ब्रिटिश नौदलातला अधिकारी. पोर्टस्मथच्या डावपेच-शाळेत त्याने काम केले होते. १९३८ मध्ये क्षयाने गाठले आणि नौदलाने त्याला निवृत्त केले. मग युद्ध आले. जर्मन पाणबुड्या, म्हणजे यू-बोटी, अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजांचे ताफेच्या ताफे फोडू लागल्या. एकट्या १९४२ या वर्षात त्यांनी दोस्तांची हजाराहून अधिक जहाजे बुडवली. इंग्लंडची भाकरी आणि तेल दोन्ही याच वाटेने येत. रक्षक नौकांवरचे कप्तान शूर होते, पण त्यांतले पुष्कळ जण कालपरवा नोकरी-धंदा सोडून आलेले. जानेवारी १९४२ मध्ये रॉबर्ट्सला लिव्हरपूलला पाठवण्यात आले: डर्बी हाऊस या मुख्यालयात वरच्या मजल्यावर काही खोल्या घे आणि ही माणसे बुडतात का, ते शोध.

मदतीला त्याला नौदलाच्या महिला शाखेतल्या मुली मिळाल्या. त्यांना 'रेन' म्हणत. बऱ्याचशा विशीच्या आत-बाहेरच्या, समुद्रावर कधी न गेलेल्या. फरशीवर लिनोलियम अंथरून त्यावर त्यांनी चौकटी आखल्या. दहा इंच म्हणजे एक सागरी मैल. त्या लिनोलियमवर लाकडी जहाजे ठेवली. भोवती कापडी पडदे लावून त्यांना लहान फटी पाडल्या आणि शिकाऊ कप्तानांना पडद्यामागे बसवले. रात्रीच्या समुद्रावर डोळ्यांना जेवढे दिसेल तेवढेच फटीतून दिसावे, ही योजना. रक्षक नौकांचा माग पांढऱ्या खडूने काढत, पाणबुडीचा हिरव्या खडूने. कारण त्या तपकिरी लिनोलियमवर हिरवी रेघ फटीतून डोळ्यांना दिसत नसे. मला तर त्या हिरव्या खडूतच रॉबर्ट्सची सगळी बुद्धी दिसते. आम्ही जन्मभर खडू हाताळला, पण विद्यार्थ्याला मुद्दाम दिसू नये असे फळ्यावर काही लिहावे, हे कधी सुचले नाही! आणि डाव पुन्हा दोन मिनिटांचाच. राइसवित्झनंतर सव्वाशे वर्षे होत आली होती.

पहिले काम शिकवण्याचे नव्हते, शोधण्याचे होते. झालेल्या हल्ल्यांचे अहवाल रॉबर्ट्सने आणि रेन मुलींनी फरशीवर पुन्हा खेळून पाहिले. पाणबुडी ताफ्याच्या बाहेर राहून दुरून टॉर्पेडो सोडते, असे सगळे धरून चालले होते. म्हणून जहाज फुटले की रक्षक नौका बाहेरच्या बाजूला धावत. परंतु तसे धरले तर अहवालातल्या जागा आणि वेळा जुळेनात. शेवटी उलगडा झाला तो असा, की पाणबुडी रात्री पाण्याच्या वर राहून मागच्या बाजूने ताफ्याच्या आत शिरत असली पाहिजे. दोन रांगांच्या मधून, जवळून, मारा करायचा, मग बुडी मारायची आणि ताफा डोक्यावरून पुढे जाऊ द्यायचा. रक्षक बाहेर शोधताहेत आणि चोर माजघरात!

त्यावर नवा डाव बसवला. हल्ला झाला की रक्षक नौकांनी ताफ्याच्या मागच्या अंगाला वळायचे आणि पाणबुडी बुडी मारून जेथे राहिली असेल ते पाणी पिंजून काढायचे. त्याला जीन लेडलॉ या रेन मुलीने 'रास्पबेरी' असे नाव दिले. ओठांतून पर्रकन आवाज काढून वाकुली दाखवण्याला इंग्रज लोक रास्पबेरी म्हणतात. ही वाकुली हिटलरला होती.

युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी त्या फरशीवरून गेले. सहा दिवसांचा वर्ग. दाढीवाले, मीठ खाल्लेले कप्तान, आणि त्यांच्या चुका चारचौघांत उलगडून दाखवणाऱ्या या पोरी! नोव्हेंबर १९४२ मध्ये ॲडमिरल मॅक्स हॉर्टन तेथे सरदळपती म्हणून आले. पहिल्या महायुद्धातले ते नामांकित पाणबुडीवाले. त्यांनी स्वतः यू-बोट घेऊन खेळून पाहिले आणि पाच वेळा हरले असे सांगतात. पडद्यापलीकडे होती विशीतली जॅनेट ओकेल. ॲडमिरलांना राग आला, पण निकाल कोणी बदलला नाही. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या ४१ पाणबुड्या बुडाल्या आणि डॉनिट्झने आपल्या पाणबुड्या उत्तर अटलांटिकमधून काढून घेतल्या. हे यश एकट्या फरशीचे नाही. रडार होते, लांब पल्ल्याची विमाने होती, सांकेतिक संदेश उकलणारी माणसे होती. पण रडारवर ठिपका दिसल्यावर नौका कोणीकडे वळवायची, हे कप्तानाला आधीच अंगवळणी पडलेले होते.

त्याच १९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलही 'यामातो' या युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा खेळ खेळत होते. अमेरिकन विमानांच्या हल्ल्यासाठी फासे टाकले. नऊ बॉम्ब लागले, 'अकागी' आणि 'कागा' ही दोन्ही विमानवाहू जहाजे बुडाली. मुख्य पंच ॲडमिरल उगाकी म्हणाले, नऊ नव्हे, तीन. अकागी वाचली. पुढच्या टप्प्याच्या खेळात बुडालेली कागाही तरंगत हजर झाली. फासे टाकणाऱ्या ओकुमियांनीच फुचिदांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात ही हकीगत दिली आहे. ४ जून रोजी खऱ्या समुद्रावर या दोन्ही जहाजांना बॉम्ब लागले, आणखी दोघांना लागले, आणि चारही गेली. मिडवेचा पराभव त्या फाशांमुळे झाला, असे मी म्हणणार नाही. कारणे पुष्कळ होती. तरी वर्गात हा प्रसंग सांगताना माझा आवाज थोडा खाली येतो.

वीस वर्षांपूर्वी मी शाळेचा एनसीसी अधिकारी होतो. शिबिरात मुलांनी रंगवलेल्या लाकडी भुशाचे सुंदर मॉडेल केले होते. नाला, पूल, उसाचे शेत. दहावीची मुले पूल ओलांडणार आणि आठवीचे चौघे त्यांना अडवणार. पाहुणे खुर्चीत बसलेले, पंच मी. आठवीच्या एका पोराने आपली माणसे पुलाशी न ठेवता उसात दडवली, फासा पडला आणि दहावीची सगळी तुकडी पुलावरच खलास झाली. कार्यक्रम दहा मिनिटांत आटोपणार! मी म्हटले, 'फासा नीट पडला नाही, पुन्हा टाका.' दुसऱ्यांदा हवा तसा पडला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पोराच्या घरी कानडी, शाळेत मराठी. गोंधळला की घरची भाषा तोंडात येई. "याक्री सर?" त्याने विचारले. मी म्हणालो, 'खेळच तर आहे रे, चल पुढे.'

तोच मुलगा आता चहाची बशी हातात धरून माझ्यासमोर बसला होता. त्याला ते आठवते का, असे विचारण्याचा धीर मला दोनदा झाला आणि दोनदा गेला. जाताना दारात बूट घालता घालता तोच म्हणाला, "सर, तिथं फासा पुन्हा टाकत नाहीत बघा." आणि हसत पायऱ्या उतरून गेला.