'सायको' हा शब्द शाळेत कसा आला?

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ येथे काही शिक्षक मित्रांबरोबर आम्ही गप्पा मारीत बसलो होतो. बोलता बोलता एका निवासी शाळेतील प्रसंग निघाला. नववीतील एका मुलीच्या मनगटावर ब्लेडचे व्रण दिसले. घरचा निरोप आला नाही की ती तासन्‌तास रडे, मैत्रीण दुसरीशी बोलली की संतापे आणि थोड्या वेळाने तिच्याच गळ्यात पडे. मुली तिला 'सायको' म्हणू लागल्या. पुढे तिच्या शेजारी अंथरूण घालायलाही कोणी तयार होईना. "रात्री उठून काही केलं तर?" असे त्यांचे म्हणणे. त्या मुलीने आजवर इजा केली होती ती फक्त स्वतःला. मग इतरांना तिची भीती का वाटावी? ही भीती मुलींना कोणी शिकवली?

वेड्याची भीती आपल्याकडे नवी नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाडा हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा सगळ्यांच्या ओळखीची. पण त्या थट्टेत वेडा हा बहुधा हसण्याचा किंवा कीव करण्याचा विषय असे. हातात सुरा घेतलेला वेडा मुख्यतः पडद्यावरून आला. तो कसा आला, हे पाहू.

'सायकी' या ग्रीक शब्दाचा अर्थ मन किंवा आत्मा. 'सायको' हे त्याचेच रूप, त्यात हिंसा कोठेही नाही. १९६० साली आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'सायको' हा चित्रपट आला. एका आडबाजूच्या मोटेलचा सभ्य दिसणारा चालक खुनी निघतो आणि शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ त्याच्या दुभंगलेल्या मनाची उकल करून सांगतो. येथून एक साचाच तयार झाला: खून का झाला, तर मन आजारी होते म्हणून. रहस्यकथेला असे उत्तर सोयीचे असते. खुन्याला वेगळा हेतू द्यावा लागत नाही.

याच काळात मानसशास्त्रात एका वेगळ्या विकाराचा शोध चालू होता. १९३८ साली अडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने काही रुग्णांना 'बॉर्डरलाइन', म्हणजे सीमेवरचे, म्हटले. न्यूरोसिस म्हणजे वास्तवाचे भान शाबूत असलेला मनोविकार आणि सायकोसिस म्हणजे ते भान सुटलेला विकार. हे रुग्ण दोहोंच्या सीमेवर वाटत, म्हणून हे नाव. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हे निदान अधिकृतपणे आले. सीमेची ती कल्पना आता मागे पडली आहे, नाव मात्र राहिले.

या विकाराचा गाभा कोणता? आपल्याला कोणीतरी सोडून जाईल ही असह्य भीती. आज देव वाटणारा माणूस उद्या शत्रू वाटणे, 'मी कोण' याविषयी अस्थिरता, आतले रितेपण, झपाट्याने बदलणाऱ्या भावना, अविचारी कृती, स्वतःला इजा करणे. पुस्तिकेत अशी ९ लक्षणे दिली आहेत, निदानासाठी त्यांपैकी किमान ५ असावी लागतात. अनावर राग हे त्यांतले एक आहे, हे लपवण्याचे कारण नाही. काही जण रागाच्या भरात दुसऱ्यावर हातही टाकतात. पण या विकारातील सर्वांत मोठा धोका रुग्णाच्या स्वतःच्या जिवाला असतो.

निदानाला नाव मिळून ७ वर्षे झाली आणि १९८७ साली 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन' हा चित्रपट आला. विवाहित पुरुषाशी संबंध आलेली अ‍ॅलेक्स त्याच्या घरामागे हात धुऊन लागते. चित्रपटात विकाराचे नाव कोणी घेत नाही. पण पुढे या विकाराचे उदाहरण म्हणून अ‍ॅलेक्सचेच नाव वारंवार घेतले गेले. म्हणून त्याच्या शेवटाची हकिगत महत्त्वाची आहे. मूळ शेवटात अ‍ॅलेक्स स्वतःचा जीव घेते. चाचणीच्या खेळांना आलेल्या प्रेक्षकांना तो पसंत पडला नाही. तिला शिक्षा झालेली त्यांना पाहायची होती. मग शेवट नव्याने चित्रित झाला. आता अ‍ॅलेक्स सुरा घेऊन घरात शिरते आणि त्या पुरुषाची पत्नी तिला गोळी घालते. भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोज यांचा या बदलाला विरोध होता. पुढे त्यांनी मनोविकारांविषयीचा कलंक दूर करण्यासाठी संस्था उभारली आणि अशा चित्रणाविषयी खंतही व्यक्त केली.

आधीच्या भागातही अ‍ॅलेक्स काही भयंकर गोष्टी करते, हे खरे. पण शेवटचा सुरा तिच्या हाती आला तो कोणत्याही रुग्णाच्या निरीक्षणातून नव्हे. प्रेक्षकांच्या समाधानासाठी तो तेथे ठेवला गेला. स्वतःला संपवणारी स्त्री पाहून करुणा वाटते. तिला मारून टाळ्या मिळवायच्या, तर आधी तिला मारेकरी करावे लागते.

मुंबईच्या चित्रपटांनीही ही वाट धरली. त्याआधी दुसरी वाट नव्हती असे नाही. १९६७ च्या 'रात और दिन'मध्ये नर्गिस यांनी दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाची स्त्री रंगवली, ती करुणेचा विषय आहे. १९६९ च्या 'खामोशी'त तर रुग्णाची शुश्रूषा करता करता परिचारिकाच मनाने कोसळते. १९९३ च्या 'डर'मध्ये मात्र एकतर्फी प्रेमाने झपाटलेला नायक रक्तपातावर उतरतो. २००१ च्या 'प्यार तूने क्या किया'मध्ये ऊर्मिला मातोंडकर यांची नायिका विवाहित छायाचित्रकारावर जीव लावते, त्याच्या पत्नीवर हल्ला करते आणि शेवटी मनोरुग्णालयात पोहोचते. 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन'चा वारसा येथे उघड दिसतो.

त्यातील पत्नीची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली होती. तीनच वर्षांनी, २००४ साली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त त्याच अभिनेत्री स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषच्या बहिणीच्या भूमिकेत दिसल्या. आधी मनोरुग्णापासून जीव वाचवणारी स्त्री, नंतर मनोरुग्णाला सांभाळणारी. याच दिग्दर्शकद्वयाच्या 'कासव'ला २०१७ साली राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले. त्यात आत्मनाशाकडे झुकलेल्या तरुणाला आसरा मिळतो. त्याची फार चौकशी होत नाही, त्याच्याजवळ माणसे थांबून राहतात. हे दोन्ही चित्रपट बॉर्डरलाइन विकारावरचे नाहीत. पण मन आजारी असलेला माणूस सुऱ्याशिवायही कथेचा नायक होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकआर्थर अभ्यासात, रुग्णालयातून घरी गेलेल्या मनोरुग्णांची त्याच वस्तीतील इतरांशी तुलना केली होती. ज्या रुग्णांना दारू वा अमली पदार्थांचे व्यसन नव्हते, त्यांच्यातील हिंसेचे प्रमाण निर्व्यसनी शेजाऱ्यांपेक्षा वेगळे आढळले नाही. बॉर्डरलाइन विकारावर मार्शा लिनेहान यांनी भावना आवरण्याची कौशल्ये शिकवणारी उपचारपद्धती तयार केली. तिच्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. तरुणपणी आपण स्वतःच रुग्णालयात होतो आणि स्वतःला इजा करीत होतो, हे लिनेहान यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. मेरी झॅनारिनी यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या २९० रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. १० वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे निदानाच्या पातळीखाली गेली आणि किमान २ वर्षे तशीच राहिली. नोकरी आणि नाती यांसह आयुष्य पूर्ण सावरलेले मात्र निम्मेच होते. म्हणजे विकार ओसरतो, पण तुटलेले आयुष्य जोडायला वेळ आणि माणसे लागतात. पडद्यावर अ‍ॅलेक्सला ती १० वर्षे मिळत नाहीत.

आता त्या नववीतील मुलीकडे येऊ. तिला हा विकार आहे का, हे शिक्षकांनी ठरवू नये. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाला हा विकार नसतो आणि या वयात तज्ज्ञही निदान जपून करतात. पण तिला एकटी पडू देऊ नये, हे मात्र शिक्षकच पाहू शकतात. तिच्याशी शांतपणे बोलावे, व्रणांवरून ओरडू नये, पालकांना विश्वासात घ्यावे, प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तज्ज्ञापर्यंत पोहोचावे. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आणि वर्गासाठी एक उपक्रम. मुलांना त्यांनी पाहिलेल्या चित्रपटांतील 'वेड्या' पात्रांची यादी करू द्या. प्रत्येकापुढे दोन रकाने: त्याने कोणाला इजा केली, आणि त्याला मदत कोणी केली? पहिला रकाना झटपट भरेल. दुसरा रिकामा राहिला, तर तो कोणी भरायला हवा होता, एवढेच मुलांना विचारा.