गंजिफाच्या संचाची निवड : सावंतवाडीच्या संदर्भात एक टिपण

टॅरो पत्त्यांचा ‘आपल्या स्वभावाशी जुळणारा’ संच कसा निवडावा, हा प्रश्न अलीकडे शहरी मध्यमवर्गात विचारला जातो. ७८ पानांचा हा संच पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निव्वळ खेळासाठी निर्माण झाला. भविष्यकथनाशी त्याची सांगड अठराव्या शतकात फ्रान्समध्ये घातली गेली. महाराष्ट्रात पानांच्या संचाची निवड पूर्वी कोणत्या निकषांवर होत असे, याचा शोध सावंतवाडीच्या गंजिफाच्या आधारे प्रस्तुत टिपणात घेतला आहे.

गंजिफाचा उल्लेख बाबराच्या आत्मवृत्तात १५२७ च्या नोंदीत येतो. मोगली संच आठ रंगांचा व ९६ पानांचा असे. दशावतारी संचात प्रत्येक अवताराचा एक रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा अंकी पाने, अशी एकूण १२० पाने असतात. नवग्रहांचा संच १०८ पानांचा. म्हणजे निवडीस वाव होता. परंतु ती निवड ‘माझ्या मनाला काय भावते’ एवढ्यावर होत नसे. खेळणाऱ्याची ऐपत हा पहिला निकष होता. दरबारासाठी हस्तिदंत वा कासवाच्या पाठीची पाने, तर बाजारासाठी कापड-कागदाची. सावंतवाडीचे चितारी चिंचोक्याची खळ लावलेल्या गोल पानांवर रंग व लाख चढवीत.

दुसरा निकष श्रद्धेचा, आणि येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दशावतारी संचात इष्टदैवत निवडण्याची मुभा खेळाडूस नव्हतीच. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती येई तो प्रथम खेळे. रात्री हा मान कृष्णाकडे जाई. व्यक्तीची आवड नव्हे, तर वेळ निर्णय करीत असे. (आमच्या भागातील जत्रांत पिंजऱ्यातला पोपट चिठ्ठी ओढतो, तेथेही गिऱ्हाइकाला कोणी विचारत नाही!)

विसाव्या शतकात छापील पत्त्यांपुढे ही कला जवळजवळ लोपली. १९७० च्या दशकात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चिताऱ्याच्या साहाय्याने राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले. कला जगली याचे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे लागेल. मात्र आज संच घेणारा बहुधा चित्रे पाहून, भेट देण्यासाठी वा काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी तो निवडतो. निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ, हा नियम चित्रावरून कळत नाही. तो तिघांनी चाळीस-चाळीस पाने घेऊन बसल्यावरच कळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खेळाच्या इतिहासाचे खरे साधन हे नियम होत. खेळ जाणणाऱ्या वृद्धांकडून ते तपशिलाने नोंदवून घेण्याचे काम चित्रशैलीच्या अभ्यासापेक्षा अधिक निकडीचे आहे.