खंडव्याला गाडी बदलणारं नाटक

आमच्या सोनकच्छला नाटक कंपनीचा मुक्काम पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. गाव कालीसिंधच्या काठी, देवास–भोपाळ सडकेवर. पण रेल्वे इथे आली नाही, आणि जुन्या कंपन्यांचा संसार रेल्वेशिवाय हलत नसे. त्यामुळे इकडच्या मराठी घरांना नाटक म्हणजे इंदूर. आजोबा देवास संस्थानच्या धाकट्या पातीत कारकून होते. बालगंधर्वांची गंधर्व कंपनी इंदूरला आल्याची बातमी लागली की रजेचा अर्ज तयारच असायचा. टांग्याने जायचे, रात्रभर नाटक बघायचे आणि पुढचे आठ दिवस घरच्यांना गाऊन दाखवायचे. गळा नव्हता, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

त्यांची धाकटी बहीण पुण्याला दिलेली. ती माहेरी आली की हटकून म्हणायची, “दादा, तू बघतोस ते उरलंसुरलं. खरं ‘स्वयंवर’ मुंबईला.” आजोबा तिच्याशी वाद घालत नसत. मी मात्र जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे तो वाद मला सोडवत नाही. माझं म्हणणं असं की आत्याआजीला वाटत होतं तसं मुंबईचं अस्सल आणि इंदूरचं नक्कल, हे त्या काळी खरंच नव्हतं. ते पुढे झालं, आणि कंपन्या मोडल्यावर झालं.

मुळापासूनच बघू. अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली तीच एका फिरत्या पारशी कंपनीचा ‘इंद्रसभा’ पुण्यात पाहून. मग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ लागलं. आज त्या रात्रीला आपण मराठी संगीत रंगभूमीचा जन्म म्हणतो. पण त्या रात्री नाटकाचे पहिले चारच अंक झाले! शकुंतला होते शंकरराव मुजुमदार. ज्यांच्या गळ्याने पुढे महाराष्ट्र वेडा झाला ते भाऊराव कोल्हटकर अजून बडोद्यातच होते. ते १८८२ मध्ये कंपनीत आले. म्हणजे ज्याने नंतर दुसऱ्या कुठल्या गावी भाऊरावांची शकुंतला सातही अंक पाहिली, त्याला पुण्याच्या पहिल्या प्रेक्षकापेक्षा जास्त मिळालं.

पुढेही तेच. बालगंधर्व पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले ते १९०५ मध्ये, मिरजेला. केशवराव भोसल्यांनी आपली ललितकलादर्श कंपनी काढली १९०८ मध्ये, हुबळीला. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी रंगभूमीवर आलं, तेही बडोद्याला. मुंबईला ते नंतर गेलं. तेव्हा मुंबईच्या लोकांनी बडोद्याची नक्कल पाहिली असं म्हणायचं का?

मुंबईचा मान मोठा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘मानापमान’ १९११ मध्ये तिथेच लागलं, ‘स्वयंवर’ १९१६ मध्ये तिथेच. केशवराव आणि बालगंधर्व एकत्र उभे राहिले तो ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोगही, जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी, मुंबईतच झाला. तो इंदूरला येणं शक्यच नव्हतं. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. पण नेहमीच्या खेळाचं तसं नव्हतं. अमेरिकेत न्यूयॉर्कला गाजलेलं संगीत नाटक गावोगाव पाठवायचं तर बहुतेक दुसरा संच उभा करतात, देखावे ट्रकात मावतील एवढे छाटतात. मूळ मंडळी शहरातच राहतात. आमच्याकडे दुसरा संच नव्हताच. मालक, नायिका, स्वयंपाकी, पडदे रंगवणारे, सगळे एका बिऱ्हाडात. ते बिऱ्हाड जिथे उतरलं तिथे मूळ नाटक.

आता त्या बिऱ्हाडाचा प्रवास बघा. मुंबईहून मोठ्या लाइनीने खंडव्यापर्यंत यायचं. खंडवा–इंदूर होळकर स्टेट रेल्वे १८७०च्या दशकाच्या अखेरीला झाली, पण छोट्या लाइनीची, मीटर गेजची. म्हणजे पडदे, ट्रंका, तंबोरे, पायपेटी, भांडीकुंडी, सगळं खंडव्याच्या फलाटावर उतरवून पुन्हा चढवायचं. मग नर्मदा ओलांडून कालाकुंड–पातालपाणीचा घाट. एवढं करून आलेली कंपनी दोन रात्रींत परत जात नसे, मुक्काम लांबायचा. आणि बरोबर कोण असायचं? तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. गंधर्व कंपनीच्या साथीची ही माणसं. आजोबांसारख्या कारकुनाने पिटातल्या तिकिटावर थिरकवांचा तबला ऐकला, आणि मी पुढे तो रेकॉर्डवर शोधत बसलो.

आजोबांचं पदांचं पुस्तक माझ्याकडे आहे. नाट्यगृहाच्या दाराशी विकायला असायचं तसलं, ‘स्वयंवर’चं. कागद आता हात लावला की सुटतो. ज्या पदाला वन्समोअर मिळाला त्यापुढे त्यांनी पेन्सिलीने रेघ मारलीय. एकदा तर एक, तीनदा तर तीन. पहिल्या दोन अंकांत समास रेघांनी भरलाय. एका पदापुढे चार रेघा आणि त्यांच्या बारीक अक्षरात “दर वेळी निराळे”. शेवटाकडे रेघाच नाहीत. तोवर उजाडायला आलं असणार, नाहीतर पेन्सिल हातात घेऊनच आजोबांना डुलकी लागली असणार.

“दर वेळी निराळे” हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे रागदारीच्या पक्क्या घराण्यातल्या. त्या पुन:पुन्हा गाताना वाढायच्या. माळव्यात ऐकणारेही तसेच. देवासला रजबअली खाँ, इंदूरला होळकरांचा दरबार. असल्या प्रेक्षकांसमोर गायक मुद्दाम जास्त घेतो. नाटकाची मात्र त्यात वाट लागायची, हेही खरं. रुक्मिणी झालेले बालगंधर्व चार वेळा तेच गातात आणि बिचारा कृष्ण विंगेत ताटकळतो. पण हा दोष मुंबईतही तेवढाच होता. तो फिरतीचा नव्हे, बालगंधर्वांच्या गळ्याचा.

बोलपट आले, कर्ज चढलं, १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले, आणि बिऱ्हाडं मोडली. पुढे संगीत नाटक परत उभं राहिलं ते वेगळ्या घडीचं. ‘पंडितराज जगन्नाथ’ १९६० मध्ये, ‘कट्यार काळजात घुसली’ डिसेंबर १९६७ मध्ये. आता नट मुंबईत नोकरी करणारा, बंगला नाहीतर चाळ सांभाळणारा. कंत्राटदार दौरा ठरवणार, बस निघणार, चार गावं चार रात्रींत. इथे आत्याआजीचं म्हणणं पहिल्यांदा खरं ठरलं. मी तरुणपणी इंदूरला ‘कट्यार’ पाहिलं. कुणी आणलं होतं ते सांगत नाही. खाँसाहेब बदली नट. हवेलीच्या दोन खांबांपैकी एकच उभा होता. तबलजी गावातला, आदल्या दुपारी गाठलेला, तो दर समेला गायकाकडे बघून खात्री करून घ्यायचा. अभिषेकींच्या चाली इतक्या भक्कम की तरीही लोक उठले नाहीत. पण खेळ अकराला संपला.

त्या पिढीत माळव्याने उलटं एक काम केलं, ते मला सगळ्यात आवडतं. १९६५च्या सुमारास कुमार गंधर्वांनी देवासला राहून ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम बांधला. बालगंधर्वांची पदं, पण नक्कल नाही. स्वतःच्या गळ्यातून उमजलेली. म्हणजे जे नाटक मुंबईहून खंडव्याला गाडी बदलून इकडे येत असे, त्याचं गाणं देवासहून मुंबईला गेलं. आत्याआजी तेव्हा हयात असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. बहुधा म्हणाली असती, “खरे कुमार ऐकायचे तर पुण्यालाच.”

हल्ली मुंबईचीही गंमत झालीय. २०२३ मध्ये तिथल्या नव्या नाट्यगृहात ‘द साउंड ऑफ म्युझिक’ची फिरती मंडळी आली आणि तिकिटांसाठी धावपळ. आता मुंबईकर म्हणजे आजोबांच्या जागी.

आमच्यासाठी इंदूरची ‘सानंद’ ही संस्था आहे. सभासदांचे गट पाडून एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग करतात. सोनकच्छहून गाडीने जाऊन रात्री परत येता येतं. संगीत नाटक असलं की मी मुलाला सांगतो, पहिल्या प्रयोगाचं बघ; शेवटच्याला गळे दमलेले असतात. तो म्हणतो, बाबा, शेवटच्याला ते मोकळे होऊन गातात. यंदा आम्ही दोघं वेगवेगळ्या दिवशी जाणार आहोत.